भिंग फिरले, डाग फिरला नाही

मी, खाली सही करणार, वय एकोणपन्नास, धंदा भिंगांची आखणी, हे मृत्युपत्र राहत्या घरी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मृती ठीक आहे. कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. फक्त मी घाबरलेलो आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "न घाबरलेला माणूस माझ्याकडे येतोच कशाला?" तेव्हा भीतीची नोंद सुरुवातीलाच करून पुढे लिहितो.

कारण असे की, माझ्या डाव्या डोळ्यात पडद्यामागे गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, डोळा काढावा लागेल, आणि तो उद्याच. गाठ अंगात इतरत्र पसरलेली दिसत नाही. "दिसत नाही" म्हणजे "नाही" नव्हे, हे माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, त्यामुळे मला त्या शब्दांचा आधार वाटत नाही. पूर्ण भूल देणार आहेत. त्या झोपेतून मी उठलोच नाही तर, या एका विचाराने मी हा कागद लिहायला घेतला. रुग्णालयाचे संमतीपत्र टेबलावर पडून आहे. त्यावर मी अजून सही केलेली नाही.

कलम १. राहते घर पत्नीचे. त्यात कोणी वाटा मागू नये. मागच्या खोलीची कडी दाबल्याशिवाय लागत नाही. ती दुरुस्त करतो म्हणत मी वर्षे काढली. पत्नी म्हणते, "तुमचं काम केसाच्या शंभराव्या भागाचं, कडीसारख्या ढोबळ वस्तूला तुम्ही हात कसा लावणार!" सुतार बोलवावा.

कलम २. बँकेतील ठेवी पत्नी आणि मुलगी यांना निम्म्या निम्म्या. मुलगी परगावी शिकते. परीक्षा सोडून तिने येऊ नये, असे मी तिला फोनवर सांगितले.
"बाबा, घाबरलात का?"
"छे गं."
"मग माझ्याशी एवढं गोड का बोलताय?"
तिचे शिक्षण कोणत्याही कारणाने थांबू नये.

कलम ३. भिंगे पारखण्याच्या माझ्या सर्व काचा आणि पितळी मोजपट्टी आमच्या कार्यशाळेत काचा घासणाऱ्या काकांना द्याव्यात. काका त्या घेताना "मला कशाला, मला कशाला" करतील. सगळे पिशवीत घालून पिशवी त्यांच्या सायकलला अडकवावी.

कलम ४. कपाटातले तडा गेलेले भिंग मुलीला. गावच्या शाळेत चित्रे दाखवण्याचे एक जुने यंत्र होते, त्याचे ते भिंग. त्यातून प्रत्येक चित्राला निळी-तांबडी किनार दिसे. आम्हा मुलांना वाटे, जगाच्या कडा तशाच असतात. मास्तर म्हणाले, "रंग चित्रात नाही रे, काचेत आहे." माझे पुढचे सगळे आयुष्य त्या वाक्यामागे गेले. शाळेने यंत्र मोडीत काढले तेव्हा ते भिंग मी मागून आणले.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, रागाचे आहे. वकील म्हणाले, वगळा. मी वगळत नाही.

आमच्या संस्थेत डोळ्याच्या पडद्याचे फोटो घेणारा कॅमेरा तयार होतो. भिंगे मी आखतो. आलेल्या चित्रातून रोग ओळखणारा प्रोग्रॅम माझा एक सहकारी लिहितो. त्याला सगळे गणिती म्हणतात. आमच्या पहिल्या भिंगात प्रकाश आतल्या आत परतून चित्राच्या कडेला एक फिकट डाग पडायचा. गणितीने तो डाग चित्रातून आपोआप पुसला जाईल अशी सोय केली. तिला आम्ही पुसणी म्हणायचो. पुढे मी नवे भिंग आखले. त्यात तो डाग नव्हता, पण पुसणी काढायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. नवे काही बसवले की आधी आपणच कॅमेऱ्यासमोर बसायचे, ही आमची रीत. मी कितीदा तरी बसलो. दर वेळी डावा डोळा स्वच्छ दिसला. माझी गाठ नेमकी जुन्या डागाच्या जागी वाढत होती, आणि पुसणी तिला इमानेइतबारे पुसत होती.

गेल्या महिन्यात गणिती चारचौघांत म्हणाला, "भिंग कसंही असू दे, चित्र मी धुऊन घेतो." मला राग आला. म्हणालो, "धुणं बंद कर, मग माझं भिंग बघ."
"करतो. तोंडघशी पडशील, काचवाल्या."
पुसणी बंद केली. मी डावा डोळा लावून समोर बसलो. संगणकाच्या पडद्यावर डाग.
खोलीत हशा पिकला. "घ्या, हे यांचं निर्दोष भिंग!" मीही हसलो आणि सवयीने भिंगाची नळी पाव वळसा फिरवली. डाग भिंगाचा असेल तर तो भिंगाबरोबर फिरतो. हा जागचा हलला नाही. गणिती हळूच म्हणाला, "पुन्हा फिरव." पुन्हा फिरवली. मग उजवा डोळा लावला. चित्र लख्ख होते.

मी देवाकडे आजवर काही मागितले नव्हते. त्या वेळी मागितले, की माझ्या भिंगात दोष निघू दे.

गणितीवर माझा राग आहे. उतरतो, पुन्हा चढतो. त्याने त्याच आठवड्यात पुसणी काढून टाकली आणि आजवर कॅमेऱ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाची मूळ चित्रे स्वतः तपासली. बाकी कोणाला काही निघाले नाही, हेही लिहिले पाहिजे. हा राग माझ्यामागे घरच्यांनी वारसाने घेऊ नये.

कलम ६. माझ्या डाव्या डोळ्याची सर्व मूळ चित्रे, न धुतलेली, संस्थेला. यंत्राला रोग ओळखायला शिकवताना ती वापरावीत. त्यांवर पुसणीने आपोआप "काचेतील प्रतिबिंब" असे लिहिलेले आहे, ते खोडून "गाठ" असे लिहावे.

कलम ७. माझ्यामागे गाजावाजा करू नये. घरात बसून देवाचे नाव घ्यावे, तेवढे पुरे. हल्ली मला ते पुरे घेता येत नाही. नाव घ्यायला बसतो आणि मध्येच भूल देणाऱ्या डॉक्टरांचा मास्क डोळ्यांपुढे येतो. राहिलेले नाव घरच्यांनी घ्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पत्नीने करावी.

सही
(लिहून ठेवणार)

साक्षीदार:
१. गणिती, सहकारी. त्याला यात काहीच ठेवलेले नाही, म्हणून तो साक्षीदार चालतो, असे वकिलांनी सांगितले.
२. शेजारच्या बाई, धंदा शिवणकाम.

पुरवणी. वरील सह्या होत असताना पत्नी चहा घेऊन आली. तिने संमतीपत्र ओढून माझ्यासमोर ठेवले.
"अहो, मरायच्या कागदावर पानापानाला सह्या केल्यात. एक इथे करा."
मी म्हणालो, "भीती वाटते गं."
"मला नाही वाटत होय? पण मला भिंतीवर दोन डोळ्यांचा फोटो नको. घरात एका डोळ्याचा माणूस चालेल."
शेजारच्या बाई म्हणाल्या, "करा हो भाऊ." गणितीने कागद हलू नये म्हणून कोपरा दाबून धरला.

मी सही केली. भीती गेलेली नाही. संमतीपत्रावरची ती सही या कागदावरच्या सह्यांशी जुळत नाही. पण ती माझीच आहे आणि मी ती राजीखुशीने केली आहे, हे वरील दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: बुधवार, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दुपारी