डेल किंकेडच्या बंदुकीला दुर्बीण

४ नोव्हेंबर, सोमवार
आज कोल्ड फोर्कला पोचलो आणि एमरी बॅरोच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागलोसुद्धा. माडीवरची खोली माझी. म्हातारा तोंडाचा तिखट, पण हातात कसब आहे. माझं नाव ओरेन स्किडमोर ऐकून म्हणाला, पलीकडच्या खोऱ्यातले स्किडमोर ना? तिकडे बंदूक उलटी धरतात म्हणे. मी म्हटलं, धरतो, पण नेम चुकत नाही. इतका हसला की ठसका लागला. जेवायला डुकराच्या चरबीत शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

७ नोव्हेंबर
सकाळी ऑर्डेला किंकेड आली. सत्तरीची, ताठ. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. घोंगडीत गुंडाळलेली ठासणीची बंदूक तिने बाकावर ठेवली. अष्टकोनी नळी, अक्रोडाचा दस्ता. तिच्या मुलाने, डेलने, स्वतः घडवलेली. हिच्यावर दुर्बीण बसवून हवी. मी म्हटलं, मावशी, म्हाताऱ्या घोड्याला मोटारीचे दिवे कशाला? ती हसली नाही. "लांबचं दिसत नाही रे आता. आणि समोर कोण आहे, ते नीट ओळखू यायला हवं."
तिला पाहताच एमरी मागच्या खोलीत गेला होता. नंतर त्याने तुटक तुटक सांगितलं. गेल्या शिकारीच्या हंगामात गिरणीवाल्या क्लीट रेमीने हरीण समजून डेलला गोळी घातली. एमरी तेव्हा क्लीटसोबत होता. दाट धुकं होतं, अशी त्याने शपथेवर साक्ष दिली आणि क्लीट सुटला. खरंच होतं का धुकं, मी विचारलं. तू तुझं काम बघ, म्हणाला.

९ नोव्हेंबर
नळीला चार भोकं पाडली. जपून, आरपार जाता कामा नये. आटे पाडले, बैठका बसवल्या, वर दुर्बीण. बार पेटवणाऱ्या तांब्याच्या टोपीची ठिणगी काचेवर उडू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा लावला. नळीत गज घालून पाहिला, रिकामी होती.
दुपारी दारात उभा राहून समोरच्या डोंगरावर नजर लावली. बीच वृक्षाखाली लाल चौकड्यांचा कोट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. दुर्बीण डोळ्यावरून काढली तर उतार रिकामा. काचेत काही दोष असेल.

११ नोव्हेंबर
काचेत दोष नाही. आज तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. कोटाला छातीवर भोक. त्याने हात उचलून खाली क्लीटच्या लाकूड कापायच्या गिरणीकडे दाखवलं.
एमरीला सांगितलं तर पांढराफटक पडला. आत्ताच्या आत्ता दुर्बीण काढ, म्हणाला. स्क्रू हलेनात. पेचकसाचं टोक तुटलं.

१२ नोव्हेंबर
सकाळी दहाला कानशीने एक चाप घासत बसलो होतो. पुढचं आठवतं ते एकदम दुपारी चर्चची घंटा वाजली तेव्हाचं. बुटांना ओला चिखल.
क्लीट रेमी मेला. गिरणीच्या दारात, छातीत शिशाची गोल गोळी. शेरीफ येऊन गेला. बंदूक कपाटात होती, किल्ली माझ्या खिशात. अशा बंदुका इथे घरोघर आहेत, म्हणत तो गेला.
मग मी नळीच्या तोंडात बोट घातलं. काळं झालं.
उजवा खांदा निळा पडलाय.

१३ नोव्हेंबर
बंदूक परत द्यायला गेलो. मावशीने घेतली नाही. "अजून एक राहिलाय," एवढंच म्हणाली. सदरा बाजूला करून माझ्या खांद्याला मलम चोळलं, आईने चोळावं तसं. डेलचाही खांदा असाच सुजायचा, म्हणाली. मग सांगितलं, डेल गेला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. डेल आपल्या रानातली झाडं तोडू देत नव्हता, म्हणून क्लीटने त्याला मारलं. आणि एमरी दहा पावलांवर उभा राहून बघत होता.
परतताना रागाने दात करकरत होते. माझा राग? मी तर डेलला कधी —

१४ नोव्हेंबर
एमरी रडला. सगळं कबूल केलं. डेलने हात उंचावून त्याला हाक मारली होती, म्हणाला. मला दया आली नाही. याची जास्त भीती वाटली.
बंदूक ओढ्यात फेकली. घरी आलो तेव्हा कमरेपर्यंत भिजलेला. बंदूक हातात.

१५ नोव्हेंबर, सकाळ
उतारावर कोणी नाही. तो आता तिथे नाही.
एमरी मागच्या खोलीत कडी लावून बसलाय. दाराआडून विनवतोय. मला डेल म्हणतोय.

दुपार
बंदुकीची दारू मोजली — मी नाही, उजव्या हाताने. गोळी ठासली. टोपी चढवली. मी ओरडलो, एमरी, खिडकीतून पळ! पळाला. कुरण तुडवत —
बंदूक चौकटीवर टेकली आहे. डाव्या हाताने लिहितोय. दुर्बिणीत त्याचं टक्कल, मान, कोटाची शिवण. आता थांबला. वळला. हात जोडतोय.
बोट चापावर आहे. जोर लावला तर काढता येईल. येतंय, हलतंय — पण खरं सांगतो, मला ते काढायचंच नाही —