पी ड्राइव्ह

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

तिसऱ्यांदा तेच. पडद्यावर राखाडी चौकट आणि तिच्यात एकच वाक्य — पी ड्राइव्ह अवैध आहे. खाली एकच बटण. ते दाबले की नवा प्रोग्रॅम बसायचा थांबतो.

प्रोग्रॅम बसणे आवश्यक आहे. तो बसेपर्यंत रिअ‍ॅक्टर क्रमांक तीन या रासायनिक पात्राचे तापमान पाहण्यासाठी माणसाला दर पंधरा मिनिटांनी लोखंडी जिना चढून तापमापकाची तबकडी वाचावी लागते. मर्यादा पंचाहत्तर अंश. त्यापुढे आतला माल स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो आणि मग त्याला आवरणे कोणाच्याही हाती राहत नाही. उपकरण विभागाचा प्रमुख या नात्याने ही जबाबदारी माझी आहे.

ठाण्याच्या पुरवठादाराकडील सुधीर यांना फोन केला.

"साहेब, तुमच्या मशीनला आधी दुसऱ्या कुठल्यातरी मशीनचा ड्राइव्ह जोडलेला होता. ते मशीन गेलं, पण तुमचं मशीन अजून तो ड्राइव्ह शोधतंय. काढून टाका, दोन मिनिटांचं काम."

मला माहीत आहे, असे मी म्हणालो.

१० नोव्हेंबर

पी म्हणजे प्रयोगशाळा. तो माझ्या पत्नीने, मंजुळेने जोडला होता. रिअ‍ॅक्टरच्या तारा तेव्हा प्रयोगशाळेतील तिच्या संगणकात जात. तिथे मिनिटामिनिटाच्या नोंदी होत आणि त्या माझ्या नियंत्रण कक्षात पी या नावाने दिसत. ज्या दिवशी हे जमले त्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती — "आता मी दिवसभर तुमच्या खोलीत असते. तुम्हांला फक्त खुर्ची द्यावी लागत नाही."

ती गेल्यावर तिचा संगणक मोडीत काढण्यात आला. तत्पूर्वी त्यातले सर्व मी फ्लॉपींवर उतरवून घेतले. अकरा फ्लॉपी. कपाटात आहेत.

आज रजिस्ट्रीत, म्हणजे संगणकाच्या अंतर्गत नोंदवहीत, ती नोंद सापडली. कागदपत्रांची जागा — पी. तिथे पी खोडून सी लिहायचे. एक अक्षर. कर्सर त्या अक्षरापाशी नेला. चहा आला. चहा घेतला आणि पडद्यावरील ती खिडकी बंद केली.

११ नोव्हेंबर

मंजुळेची धाकटी बहीण मालू टिटवाळ्याहून आली होती. वर्षश्राद्ध तिथीने पाच तारखेलाच झाले. आज साड्या न्यायला आली.

"भाओजी, तिचा चष्मा अजून पुसून ठेवता? घालणार कोण?"

"धूळ बसते."

"मग बसू दे की. धुळीला पण कुठेतरी बसायचं असतं."

दोन साड्या नेल्या. चष्मा मी देऊ शकलो नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

झाले. पी काढावा लागला नाही.

सी ड्राइव्हवर एक फोल्डर केले, त्यात अकराही फ्लॉपींवरील मजकूर उतरवला आणि एका ओळीच्या आज्ञेने त्या फोल्डरला पी हे नाव दिले. संगणकाला फरक कळत नाही. त्याने विचारले, पी आहे का. मी दाखवले की आहे. दुपारी तीन वाजता प्रोग्रॅम विनातक्रार बसला. मध्ये एकच प्रश्न आला — पी वर पूर्वीची मांडणी आणि नोंदी सापडल्या, त्याच वापरायच्या का? मी होकार दिला.

पडद्यावर बासष्ट अंश. वर तबकडीवरही बासष्ट.

सुधीर यांनी फोनवर विचारले, "काढलात ना तो ड्राइव्ह?"

"काम झाले आहे," असे मी म्हणालो. हे असत्य नव्हे.

पुष्कळ दिवसांनी झोप लागेल असे वाटते.

१३ नोव्हेंबर

दुपारी एक चाळीसला पडद्यावरील तापमानाची रेषा तुटली. सहा मिनिटांनी आपोआप जुळली. तारेचे टोक ढिले असावे, आवळून घेतले.

सहदेव वरून खाली आला. शीळफाट्याजवळच्या गावचा आगरी माणूस. एकोणीस वर्षे याच रिअ‍ॅक्टरवर आहे.

"सायेब, वरची तबकडी अडुसष्ट बोलते. तुमचा टीव्ही बासष्टवरच बसलाय."

"तबकडी जुनी आहे, सहदेव. एकोणीस वर्षांची."

"मी पन तवराच जुना. मना पन काढून टाका मंग."

कक्षातील सगळे हसले. मी हसलो नाही. यंत्राची तुलना माणसाशी करणे मला योग्य वाटत नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

तबकडी एकाहत्तर. पडदा बासष्ट.

एकाच पात्राची दोन मापे असणे धोक्याचे. माणूस कोणत्या मापावर वागेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून लेखी आदेश काढला — यापुढे पडद्यावरील नोंद प्रमाण मानावी. तबकडी उतरवून तपासणीसाठी पाठवावी. जिना चढण्याची आवश्यकता नाही. रविवारी एक माणूस पुरेसा आहे.

तबकडी माझ्या समक्ष उतरवली. सहदेवने कागदावर सही केली आणि पेन बराच वेळ परत दिले नाही.

"लिवून दिलात, नाय चढनार. पन सायेब, त्या जिन्याचा कठडा हाताला लागतो. तो गरम हाय."

"पत्र्यावर ऊन येते."

"नोव्हेंबरचा?"

 एखाद्या माणसाच्या तळहातावरून कारखाना चालवता येत नाही.

एक चाळीसला रेषा पुन्हा तुटली. या वेळी घड्याळ लावून पाहिले. सहा मिनिटे. ढिले टोक इतके वक्तशीर कसे असेल?

१५ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

तारखेने आज वर्ष झाले.

कारखान्यात आज सहदेव एकटा आहे. आठ वाजता फोन करून विचारले. म्हणाला, "टीव्ही बासष्ट बोलतो, सायेब. मी टीव्हीच बगतो." मग म्हणाला, "वास येगला येतोय." वास मोजता येत नाही, असे मी त्याला सांगितले. आदेशाप्रमाणे पडदा पाहत राहा, असेही सांगितले.

मंजुळेचा चष्मा पुसला. दुपारी जेवण झाल्यावर गेल्या वर्षीची रोजनिशी उघडायची असे ठरवले आहे. वर्षभर त्या वहीला हात लावलेला नाही. मी त्या दिवशी ताप आल्यामुळे घरी होतो आणि ती कामावरून परत आली नाही, एवढेच आता आठवते. संध्याकाळी ती टेबलावरच कोसळली. त्याआधी तिने फोन केला होता. काय बोलली ते लिहून ठेवले असणार. मी लिहून ठेवतो.

त्याच दिवशी, दुपारी

१५ नोव्हेंबर १९९७, माझेच अक्षर: "दुपारी १.४० ला कारखान्यातील वीज गेली. सहा मिनिटांनी आली. तोवर मंजुळेचा प्रयोगशाळेतून फोन — संगणक बंद आहे, काही दिसत नाही, तुम्ही बोलत राहा. वीज आल्यावर रिअ‍ॅक्टर तीन व्यवस्थित, बासष्ट, असे म्हणाली."

पडद्यावर तीन दिवस चालू आहे तो दिवस हा आहे, पी वरच्या तिच्या नोंदींतला शेवटचा. रिअ‍ॅक्टरकडे कोणीही पाहत नाही. तबकडी तपासणीला गेलेली नाही, कारखान्यातील माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नियंत्रण कक्षाला फोन केला. वाजत राहिला, सहदेवने उचलला नाही. पुन्हा केला. वाजत राहिला. खाली रिक्षा थांबवली आहे.

तिसऱ्यांदा फिरवला, तेव्हा वाजलाही नाही.