पार्श्वभूमी: पांढरी

प्रिय धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर होतं तसंच आहे, म्हणजे हात थरथरत नाही आणि शुद्धलेखनही सुधारलेलं नाही. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मी इथे बसून सांगते. वहिनीला माझी आठवण सांग आणि तिचं ऐकत जा. माझी प्रकृती ठणठणीत आहे. आजारी पडायला मला वेळ नाही. उत्तराला तीन आठवडे उशीर झाला तो मुद्दाम केला. का, ते खाली कळेल.

तुझी पहिली दोन पानं अगदी साळसूद आहेत. आमची कंपनी एवढी मोठी, तर ती कसल्या लोकांना वैमानिक म्हणून घेते, त्यांनी आधी किती तास उडवलेलं असावं लागतं, सगळे लष्करातलेच असतात का, वगैरे. तिसऱ्या पानावर अक्षर एकदम बारीक झालं आहे. तिथे तू लिहितोस की भिंगरीने (हे पत्र भलत्याच्या हाती पडलं तर कळावं म्हणून लिहिते, भिंगरी म्हणजे तुझी एकुलती एक मुलगी आणि माझी भाची) आमच्याकडे अर्ज केला आहे, “तर ताई, तू तिथेच आहेस, तिचा अर्ज गठ्ठ्यात जरा खाली सरकवता आला तर बघ.” लोक आपल्या मुलांचे अर्ज वर सरकवायला वशिला शोधतात. खाली सरकवायला सांगणारा बाप मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला, आणि तो नेमका माझाच भाऊ निघावा.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, कारण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची मला सवय आहे. आमच्याकडे किमान दीड हजार तास लागतात. प्रत्येक वैमानिकाची एक उड्डाणवही असते. कुठून निघालो, कुठे उतरलो, किती वेळ हवेत होतो, हे तो त्यात लिहितो आणि पानाच्या तळाशी बेरीज मारतो. ती बेरीज तपासणं हे माझं काम. (ही माणसं वादळातून विमान काढतील, पण हातचा एक विसरतील.) लष्करातले येतात, नाही असं नाही. ते दोन शब्दांत उत्तर देतात आणि दोन्ही शब्दांखाली रेघ मारतात. उड्डाण शिकवणारे मास्तर येतात. त्यांचे तास सर्वांत जास्त, पण ते सगळे दुसऱ्यांच्या चुकांशेजारी बसून मिळवलेले, त्यामुळे खुर्चीतही ते काहीतरी घट्ट धरून बसतात. पार्सलं वाहणारे येतात. पार्सल तक्रार करत नाही, म्हणून त्यांना उतरताना आपटायची खोड असते. रुग्णांना नेणारे येतात, जाहिरातीची लांबलचक पट्टी शेपटीला बांधून फिरणारे येतात, आणि एक तर आधी दातांचा डॉक्टर होता. तेव्हा तुझी मुलगी शेतांवरून औषध फवारत उडते, यात आमच्याकडे कुणाची मान खाली जात नाही. शेजाऱ्यांना तू ती ‘शेती खात्यात’ आहे असं सांगतोस, ते मला वहिनीकडून कळलं आहे.

आता जे घडलं ते सांगते, आणि त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून मोकळी होते.

आमच्या अर्जात पूर्वी ‘पूर्वानुभव’ असा एक रकाना होता. त्यात सगळे नुसता तासांचा आकडा लिहीत, जो वर एकदा लिहिलेला असेच. माणूस कुठून आला, या धंद्यात कसा शिरला, हे कळायला मार्ग नसे. मी कॉलेजात भाषा विषय घेऊन पहिल्या वर्गात आले होते. मी तो शब्द खोडला आणि ‘पार्श्वभूमी’ असा नेमका शब्द घातला. छापखानेवाल्याला जागा पुरेना. त्याने तो रकाना उचलला आणि फोटोच्या चौकटीच्या बरोबर खाली नेऊन ठेवला. छापून आल्यावर मी शुद्धलेखन तपासलं, ते चोख होतं. जागा तपासली नाही.

दोनशे नऊ अर्ज आले. त्यांतल्या एकशे चाळीस जणांनी फोटोखाली ‘पार्श्वभूमी’ वाचलं आणि पुढे लिहिलं, ‘पांढरी’. तिघांनी प्रामाणिकपणे ‘निळी’ लिहिलं, पैकी एकाने दिलगिरीची चिठ्ठीही जोडली. उरलेल्या सहासष्ट जणांनी खरी पार्श्वभूमी लिहिली. आता आमच्या विभागात एक कारकून आहेत, वय वर्षं बेचाळीस, त्यांना सगळे ‘ताबडतोब’ म्हणतात. कोणतंही काम ते विचार येण्याच्या आत करून टाकतात. अर्जाच्या मागच्या पानावर फोटोविषयी नियम छापला आहे: पार्श्वभूमी पांढरी नसल्यास अर्ज बाद. ताबडतोबांनी एका दुपारीत एकोणसत्तर अर्ज बाद केले, सुतळीने बांधले आणि कपाटात टाकले.

मुलाखतींना मी कोपऱ्यात उड्डाणवह्या घेऊन बसते. तीन कॅप्टन प्रश्न विचारतात. चौथा उमेदवार आला तेव्हा मोठ्या कॅप्टननी (ते उंचीनेही मोठे आहेत, खुर्चीत मावत नाहीत) अर्ज लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, “तुमची पार्श्वभूमी पांढरी आहे, म्हणजे नेमकं काय?”

तो बिचारा म्हणाला, “साहेब, स्टुडिओवाल्याने तीच ठेवली होती.”

कॅप्टननी पुढचे अर्ज चाळले. पांढरी, पांढरी, पांढरी. एक पांढरीशुभ्र. मग तिघांनीही कोपऱ्याकडे पाहिलं. धाकट्या, एकतीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलेलं नाही.

मी उठून बाहेर गेले आणि ताबडतोबांना विचारलं. ते म्हणाले, नियम मागच्या पानावर आहे. आणि तो होताच, हे सर्वांत चीड आणणारं. वर ते म्हणाले, “तुमच्या भाचीचाही बाद झालाय बाई. मी भेदभाव केला नाही.”

तिचा अर्ज आला आहे हे मी पहिल्याच दिवशी लेखी कळवून ठेवलं होतं आणि त्याला हात लावणार नाही असंही. आता तो सुतळीत बांधून माझ्यासमोर पडला होता. तू सरकव म्हणालास त्याच्याही खाली. मी गप्प बसले असते तर तुझं काम झालं असतं आणि माझ्या हाताला डागही लागला नसता. गठ्ठा उघडला असता तर अख्खं ऑफिस म्हणालं असतं, बाईंनी भाचीसाठी उघडला. त्या कपाटासमोर मी पाच मिनिटं उभी राहिले. (तीन तुझ्यासाठी, दोन माझ्यासाठी.) मग आत जाऊन सांगितलं, शब्द माझा, जागा छापखान्याची, चूक माझी. गठ्ठ्यात माझी भाची आहे, म्हणून तो मी उघडणार नाही, तुम्ही उघडा.

मोठे कॅप्टन म्हणाले, “बाई, तुमची पहिली चूक. तारीख लिहून ठेवू का?” मी म्हटलं, ठेवा. मग विश्वास वाटेना म्हणून मीच नोंदवहीत लिहिली.

त्यांनी स्वतः सुतळी सोडली. ‘निळी’वाल्या तिघांना पांढऱ्यांत पाठवून त्या एकशे त्रेचाळीस जणांकडून रकाना पुन्हा भरून घ्यायचं ठरलं, आणि ते सहासष्ट त्यांनी एकेक करून वाचायला घेतले. मधेच हसायला लागले आणि एक मोठ्याने वाचला. मी नाव ऐकलं नाही, गरजही पडली नाही. त्यात लिहिलं होतं:

“माझे वडील शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटतात. त्यामुळे गच्चीवरची पाण्याची टाकी मी नवव्या वर्षापासून साफ करते. वर गेलं की बरं वाटतं, हे तिथे कळलं. वडील खाली शिडी धरून उभे राहायचे आणि मी उतरेपर्यंत शिडी सोडायचे नाहीत. ही माझी पार्श्वभूमी.”

दोघे हसले. तिसरे कॅप्टन, जे कधी बोलत नाहीत, ते चष्मा पुसत बसले. मोठ्यांनी तिची वही उघडली (तिची बेरीज दुसऱ्या विभागाच्या बाईंनी तपासली, बरोबर निघाली, हातच्यासकट). एकोणीसशे बारा तास. ते म्हणाले, “ही दिवसाला वीस वेळा उतरते, शेताच्या बांधाला लागून. आपल्याकडे लांबच्या मार्गावरच्यांना वीस वेळा उतरायला काही महिने लागतात.”

पुढे तिची मुलाखत झाली, तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात होते. सिम्युलेटरमध्ये बसवून तिचं एक इंजिन बंद केलं, मग हवा बिघडवली, मग धावपट्टीच बंद करून दुसरीकडे पाठवलं. ती उतरली. बारा जण निवडले, त्यांतले नऊ सुतळीतले. ती त्यांत आहे. आज सकाळी सही झाली, म्हणून आज लिहिते.

तू चिडशील, मग वहिनीवर ओरडशील, मग गच्चीवर जाशील आणि भिंत धरून परत येशील. ये. पण एवढं लक्षात ठेव, तू सात वर्षांचा असताना त्याच टाकीवर चढून बसला होतास आणि रडत होतास, तेव्हा तुला खाली मीच उतरवलं होतं. भीती मी कोळून प्यायले आहे. म्हणून सांगते, पोरीची वाट अडवू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. नेमणुकीचं पत्र तुझ्या पत्त्यावर येईल. जाड, तपकिरी लिफाफा. भिंगरीचं उड्डाणशाळेचं प्रवेशपत्र तू शिवणयंत्रामागे ठेवून विसरला होतास, तसा हा विसरू नकोस. जावक नोंदीत क्रमांक आहे आणि मी वहिनीला वेगळं कळवलं आहे.

आणखी ता. क. हे वेगळ्या पानावर लिहिते आहे, म्हणजे वाचून झाल्यावर फाडता येईल. आमच्या कंपनीत प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला दोन फुकट तिकिटं मिळतात. माझी एकतीस वर्षांची पडून आहेत. जगाचे तास मोजले, माझे स्वतःचे शून्य. चार महिन्यांनी भिंगरीचं आमच्याकडचं पहिलं उड्डाण आहे. ती उजवीकडच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत असेल. दोन जागा मी मागितल्या आहेत. दुसरी तुझी.

अगदी शेवटचं. टाकीवरून तुला मी उतरवलं नव्हतं. मी तिसऱ्या पायरीवर होते, डोळे मिटून, आणि तिथूनच ओरडत होते की ये, मी आहे. तू एकटाच उतरलास, आणि उतरल्यावर मलाही खाली घेतलंस. तेव्हा तू ये. शिडी धरायची सवय तुला आहे. कुणी विचारलं तर सांगायचं, तुला भीती वाटत होती म्हणून मी बरोबर आले.