अंगठ्याचा पाव

३ मे, शनिवार

बोट दुपारी चारला सुटली. मला वाटलं होतं, हिसका बसेल. काहीच नाही. किनाराच आपला मागे सरकायला लागला.

खोली लहान पण स्वच्छ. दोन पलंग, एक गोल खिडकी. माझ्याबरोबर मुंगी झोपणार. मुंगी म्हणजे नात, सहा वर्षांची. साखरेचा डबा कुठेही ठेवा, हिला सापडतोच. मुलगा-सून शेजारच्या खोलीत. सामान टाकल्या टाकल्या मुलगा 'जरा चौकशी करून येतो' म्हणून गेला तो अर्ध्या तासानं आला. कसली चौकशी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ही सहल ह्यांनी ठरवलेली. पाच जणांची. जन्मभर पहाटे तीनला उठून बेकरीची भट्टी पेटवली, त्यामुळे घरच्यांबरोबर नाश्त्याला बसणं कधी झालंच नाही. म्हणायचे, "एकदा आयतं बसून दुसऱ्याच्या हातचा पाव खायचाय. नावं ठेवत ठेवत!" जानेवारीत गेले. बुकिंग राहिलं.

मुलगा तेव्हाच म्हणाला होता, "आई, बाबांचं नाव काढायला कंपनीला फोन करावा लागेल. मी करू?" मी करते म्हणाले. मग दर रविवारी विचारायचा, केलास का? फेब्रुवारीत एकदा हो म्हणून टाकलं. पुन्हा त्यानं विचारलं नाही. बरं वाटलं.

मी फोन केला नाही. नंबरचा कागद फ्रिजवर होता. फ्रिज पुसताना काढायचे, पुसून झाला की परत लावायचे. हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

४ मे, रविवार

नाश्त्याचं टेबल ठरलेलं आहे. एकवीस नंबर, खिडकीजवळ. दाराशी पाटी — 'कुटुंबांसाठी ओळखीचा, घरगुती नाश्ता'. टोस्ट, लोणी, जॅम, उकडलेली अंडी, कॉर्नफ्लेक्स, केळी, पॅनकेक. टोपलीत गोल पाव. लोक इतक्या लांब येतात आणि घरी खातात तेच घेतात. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "घरच्यासारखं अंडं नाही हं." ती म्हणाली, "घरी कधी उकडलंत तुम्ही?"

आमच्या टेबलावर पाच प्लेटा होत्या. पाच कप.

मी रुमाल उलगडत बसले. मुलगा म्हणाला, "चूक झालेली दिसते त्यांची. सांगून येतो." गेला, वेटरशी काहीतरी बोलला, आला. प्लेट तशीच. सून म्हणाली, "असू दे, कुणाला टोचतेय?" मग तिलाच कसंतरी वाटलं असावं. मला चहा ओतून दिला.

मुंगी टोपलीत हात घालून एकेक पाव बाहेर काढत होती. सून ओरडली, "अगं, सगळ्यांना हात काय लावतेस!"

"अंगठ्याचा शोधतेय."

पाव भट्टीत घालायच्या आधी हे प्रत्येक ट्रेमधला कोपऱ्यातला एक पाव अंगठ्यानं दाबून बघायचे. खळगा हळूहळू वर आला तर पीठ नीट फुगलं. भाजल्यावरही त्या पावावर थोडी खूण राहायची. तो विकत नसत. घरी आणत. आधी मुलगा खायचा, मग नात. तिचा नाश्ता म्हणजे तोच — अंगठ्याच्या खळग्यात लोणी.

परत येताना जिन्यावर मुंगी माझा हात ओढून कानात म्हणाली, "आजोबा इथेच आहेत ना? त्यांची प्लेट आहे."

हे माझंच पाप. जानेवारीत त्या दिवशी तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. परत आली ती विचारत — आजोबा कुठेत? मी म्हणाले, पुढे गेले. "कशानं?" टेबलावर बोटीची तिकिटं पडली होती. तोंडातून निघून गेलं — बोटीनं.

त्यानंतर तिनं कधी विचारलंच नाही. मला वाटलं, आईबापांनी समजावलं असेल.

५ मे, सोमवार

समुद्र सपाट. पाच प्लेटा. मुलगा म्हणाला, "सांगितलंय मी. विसरतात लेकाचे." मुलगा बापासारखा नाही. कामं पाठीमागे लागून करत नाही.

६ मे, मंगळवार

वरच्या डेकवर दिवसभर खाऊचं काउंटर असतं. बिस्किटं, पॉपकॉर्न, चीजची तिकोनी सँडविचेस. मुलं तिथे गुळाला मुंगळे चिकटल्यासारखी. आज खणात रुमाल शोधत होते, तर कागदी नॅपकिनच्या पुड्या सापडल्या. चार बिस्किटं, अर्धं सँडविच, एक काळं पडलेलं केळं.

मुंगीला विचारलं. म्हणाली, "आजोबांना. ते उभ्याउभ्याच खातात ना. काम असतं."

तिचा हिशेब पक्का आहे. आजोबा पहाटे तीनला उठतात. पाव करतात. इथे पाव आहेत. म्हणजे आजोबा खाली स्वयंपाकघरात आहेत. नाश्त्याला येत नाहीत, कारण घरीही येत नव्हते. पुरावाही आहे — सकाळी टोपलीत एका पावावर खळगा होता. चिमट्याचा असेल. तिनं तो खाल्ला नाही, उशीखाली ठेवलाय.

गुरुवारी मुलांना स्वयंपाकघर दाखवायला नेणार आहेत. हिनं पहिलं नाव दिलंय.

सून डेकवर मासिक वाचत बसली होती. विचारलं, "मुंगीला ह्यांच्याबद्दल तुम्ही काय सांगितलंय नक्की?"

तिनं मासिक मिटलं. "तुम्हीच सांगितलंत ना आई? हा म्हणाला, आईनं सांगितलंय."

चार महिने! तीन मोठी माणसं आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं सांगितलं. आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही, त्याचं हे फळ. सून म्हणाली, "मी बोलू का?" मी म्हणाले, नको, मी बोलते. फोनच्या वेळीही असंच म्हणाले होते.

बोटीचं मी म्हणाले होते, ते सुनेला सांगितलं नाही.

७ मे, बुधवार

नाही जमलं. सकाळी ती दात घासत होती, तोंडात फेस. दुपारी पोहायला गेली. संध्याकाळी गंमत म्हणून वेटरनं विचारलं, "पाचवे पाहुणे कधी येणार?" तिनं ऐटीत सांगितलं, "ते ड्युटीवर आहेत."

वेटर हसला नाही. चांगला माणूस आहे.

८ मे, गुरुवार

सांगितलं.

दहाला सगळी मुलं स्वयंपाकघराच्या दाराशी रांगेत उभी राहिली. डोक्यावर कागदी टोप्या. मुंगी पुढून दुसरी. हातात पुडी. दार ढकलून एकेक माणूस आत-बाहेर करत होता आणि दर वेळी ती टाचा उंचावून आत बघायची. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तिला रांगेतून बाहेर काढलं. बाजूला जिना होता, त्याच्या पायरीवर बसवलं.

म्हणाले, "आजोबा आत नाहीत."

"मग कुठल्या बोटीवर?"

"कुठल्याच नाही. मी खोटं सांगितलं होतं. आजोबा वारले."

वारले म्हणजे काय ते तिला माहीत आहे. त्यांच्या शाळेतला ससा गेला होता.

"कधी?"

"तू काकूंकडे होतीस, त्या दिवशी."

"मी कार्टून बघत होते तेव्हा?"

"हो."

टोपी काढून हातात धरली. बराच वेळ तिची घडी घालत होती.

"आईला माहितीये?"

"हो."

"बाबाला?"

"हो."

"म्हणजे मलाच नाही."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

मग म्हणाली, "मग तो पाव कुणी दाबला?"

"माहीत नाही मला."

पुडी माझ्या हातात दिली, टोपी घातली आणि रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. नको जाऊस म्हटलं तर म्हणाली, "नाव दिलंय." मी दाराच्या काचेतून बघत होते. आतल्या बेकरनं सगळ्या मुलांना पिठाचा एकेक गोळा दिला. कुणी सशाचे कान केले, कुणी साप. हिनं गोल केला, अंगठा कोरड्या पिठात बुडवला आणि मधोमध दाबला. मग वाकून बघत राहिली, वर येतोय का.

पुडी मी डेकवर नेली. टाकवेना. बिस्किटं खाल्ली. मऊ पडली होती.

९ मे, शुक्रवार

मुंगी माझ्याशी बोलत नाहीये. बरोबर आहे.

मुलाला काल सगळं सांगितलं. बोटीचंही. म्हणाला, "हं." एवढंच.

मुलांनी केलेले पाव आज नाश्त्याला आले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. हिचा एका बाजूला करपला होता. तिनं तो पाचव्या प्लेटमध्ये ठेवला. खळग्यात लोणी भरलं, सुरीनं सारखं केलं. मग स्वतःचे कॉर्नफ्लेक्स खायला लागली.

मुलगा पाणी आणतो म्हणून उठला. पाण्याचा जग टेबलावरच होता.

१० मे, शनिवार

नऊला उतरायचं. सामान दाराबाहेर ठेवून शेवटच्या नाश्त्याला गेलो. मुंगी माझ्या शेजारी बसली, आपणहून. पाच प्लेटा.

मी वेटरला बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पाचवी उचला. तुमची चूक नव्हती, माझी होती. नाव काढायला सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं."

त्यानं खिशातली यादी काढली, माझ्यापुढे धरली. "चारच नावं आहेत, आजी. पाचवं कधीच काढलंय, हे बघा." तारीख होती — बारा फेब्रुवारी. "प्लेट ह्या साहेबांनी मांडायला सांगितली. बोटीवर चढले त्याच दिवशी. रोज मांडा म्हणाले."

मी मुलाकडे बघितलं. तो मान खाली घालून टोपलीतले पाव एकेक करून बाजूला सारत होता.