दोन सह्यांचा फॉर्म

आचरा, ता. मालवण
९ मे

प्रिय मित्र इनास यास,

रामेश्वराच्या आणि तुमच्या चर्चमधल्या सायबिणीच्या संयुक्त देखरेखीखाली इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा आणि पिएदादवहिनींची साखर आपापल्या पायरीवर असतील असं गृहीत धरून प्रथम तक्रार नोंदवतो. गेल्या नाताळात तुमच्या घरून नेवऱ्या आल्या नाहीत. एकतीस वर्षं आल्या. खोबरं-खसखशीच्या त्या करंज्यांऐवजी या खेपेला कुरिअरने पुण्याच्या कुठल्याशा बेकरीचा केक आला, आणि तो कधीपर्यंत खावा याची तारीखही खोक्यावर छापलेली होती. (नेवऱ्यांवर तारीख नसे. त्या तिसऱ्या दिवशी संपत.) साडेचार महिने मी हा अपमान गिळून होतो. केकही गिळला, पण ते वेगळं. शास्त्रात क्षमेला फार वरचं स्थान आहे. मी त्या स्थानाच्या अगदी जवळ पोचलो होतो, तेवढ्यात तुझ्याकडे काम निघालं म्हणून खाली उतरून लिहितो आहे.

काम किशोरीचं. माझी लेक यंदा बी. ए. होते आहे, आणि तिला बी. एड. करायचं आहे, कुठे, तर पुण्यात, तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या विद्यापीठात. प्रवेश परीक्षा झाली, मुलाखत झाली, यादीत नाव आलं. आता वसतिगृहाचा फॉर्म तेवढा वीस तारखेपर्यंत तिथे पोचायला हवा. नाही पोचला तर खोली जाईल, आणि खोली गेली की प्रवेश असून नसल्यासारखा. हा फॉर्म गेले नऊ दिवस माझ्या टेबलावर संस्कृत कोशाखाली आहे. त्यावर पालकाची सही व्हायची आहे. पालक मी. (तिची आई असती तर फॉर्म नऊ मिनिटंही पडून राहिला नसता. तिला जाऊन येत्या श्रावणात चार वर्षं होतील.)

यात मुळातला दोष माझाच. आमच्या कॉलेजात ‘बी. एड. प्रवेश मार्गदर्शन कक्ष’ या नावाचं एक कपाट आहे आणि त्या कपाटाचा मी प्रमुख आहे. फेब्रुवारीत मी शेवटच्या वर्षाच्या बारा मुलांना समोर बसवून अडीच तास मार्गदर्शन केलं. लांब जा म्हणालो. चांगल्या विद्यापीठात जा. जवळपास राहाल तर इथे शिकलात तेच पुन्हा शिकाल, आणि तेही माझ्यासारख्यांकडूनच. पुणं काय लांब आहे? सकाळी कणकवलीला एस.टी.त बसलात की संध्याकाळी उतरलात. असा मी रंगात आलो असताना मागच्या बाकावरून हात वर झाला. “सर, होस्टेल मिळता काय?” किशोरी. (कॉलेजात ती मला सर म्हणते, घरी बाबा. हद्द एस.टी. स्टँडवर आहे.) ती या अकरा जणांबरोबर बसली आहे ती नुसती सोबत म्हणून, असा माझा समज होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. ज्या माणसाने क्षणापूर्वी वसतिगृहजीवनाची स्तुतिस्तोत्रं गायली, तो म्हणाला, “मिळतं, पण मेसमध्ये बांगडा नसतो.” लवू नावाच्या आमच्या अतिदक्ष विद्यार्थ्याने हे वहीत मुद्दा क्रमांक चौदा म्हणून उतरवून घेतलं.

न्यायशास्त्रात अशा कारणाला हेत्वाभास म्हणतात. दिसायला कारण, आत पोकळ. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी घरात असे बरेच हेत्वाभास सादर केले. फोंडा घाटात तिला उलट्या होतात. पुण्याच्या पाण्याने केस गळतात. (हे सांगताना पुराव्यादाखल मी तुझ्या डोक्याचं नाव घेतलं. क्षमस्व.) ती प्रत्येक वेळी “बरा” म्हणे आणि प्रवेश परीक्षेचा पुढचा पेपर सोडवायला घेई.

मध्यंतरी निबंधाचं प्रकरण घडलं तेही तुझ्या कानावर घालतो. तुमच्या विद्यापीठाला अर्जासोबत तीनशे शब्द हवे असतात : तुम्हाला शिक्षक का व्हायचं आहे? मी म्हणालो, कार्यारंभी वंदन असावं, ही आपली रीत आहे. मला अभिप्रेत होती एक ओळ. पण ही मुलं आपल्याकडची. वंदन म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे एकच नमुना, देवळातलं गाऱ्हाणं. बा देवा म्हाराजा म्हणून सुरू केलं की गावातलं एकही दैवत वगळायचं नाही, ग्रामदेवतेपासून शिवेवरच्यापर्यंत सगळ्यांना नावाने हाक मारायची, आणि मग सरतेशेवटी आपलं काय ते मागणं. अकराच्या अकरा निबंध तसे उतरले. मी वाचायला मागितले तोवर लवूने आपला ऑनलाइन पाठवूनही दिला होता. संगणकाच्या त्या चौकटीत तीनशे शब्द भरले की ती दार लावून घेते. लवूची रवळनाथ, सातेरी, बारा वाड्यांचे बारा रखवालदार आणि मी एवढी मंडळी आत शिरली, आणि “म्हणून मला शिक्षक” इथे दार लागलं. मी डोक्याला हात लावला तर म्हणतो, “सर, देवाक सांगल्याशिवाय सुरवात कशी करूची?” आणि अक्षया नावाची एरवी शहाणी मुलगी त्याच्या बाजूने उभी : “एखाद्याचा नाव ऱ्हवला आणि तो कोपलो तर?” (मुलाखतीत बाईंनी लवूला विचारलं, तुमचं कारण कुठे आहे? तो म्हणाला, गाऱ्हाण्यात कारण शेवटाक येता, बाई, आता सांगतंय. आणि सांगितलं. त्याची निवड झाली. बाई बहुधा देवगडच्या असाव्यात.)

बारावा निबंध मात्र वेगळा होता. त्यात कुणालाच वंदन नव्हतं. वर नावही नव्हतं, पण अक्षर मला पहिलीपासून ठाऊक. त्यात लिहिलं होतं : “माझे वडील वर्गात एखाद्याला प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत मिनिटभरसुद्धा थांबतात. घरी ते प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. वर्गात ते जसे थांबतात, तसं थांबायला मला शिकायचं आहे.” मी लाल पेन घेऊन बसलो होतो. काहीतरी लिहिणं भाग होतं. समासात लिहिलं, ‘आशय स्पष्ट नाही. उमेदवाराने वडिलांशी प्रत्यक्ष बोलावे.’ दुसऱ्या दिवशी कागद परत आला. खाली पेन्सिलीने : ‘वडील भेटत नाहीत. सर भेटतात.’

म्हणून गेल्या रविवारी मी प्रयोग केला. ती पडवीत काजूच्या बिया वाळत घालत होती. मी विचारलं, “जायचंच आहे का गो?” आणि थांबलो. इनासा, स्वतःच्या घरात थांबणं किती अवघड असतं, याची तुला कल्पना नाही. मनात पाण्याचा आणि केसांचा मुद्दा उसळत होता. तिने एक आख्खी रांग बियांची सरळ केली आणि म्हणाली, “होय. माका जावचा आसा.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आणि तुमचा काय?” आणि मग तीही थांबली. माझ्याहून चांगली थांबते. मी उठलो आणि कावळे हाकलून आलो. कावळे नव्हते.

असो. मे महिना तुमचा सुट्टीचा. दोन वर्षं तू आलेला नाहीस. तुमच्या इथल्या बंद घराच्या पायरीवर सध्या माझे आंबे पिकत घातले आहेत, तेवढीच वर्दळ. वहिनींना नमस्कार. तुमच्या केव्हिनला आशीर्वाद, त्याला माझं संस्कृत कळत नसेल तर मराठीतून सांग.

तुझा,
दत्ताराम

ता. क. : सोबतच्या पाकिटात तोच फॉर्म आहे. वरचं लिहून तीन दिवस झाले, काल सकाळी सही केली. पण त्यावर दुसरी एक सही लागते, ‘स्थानिक पालक’ या रकान्यात. आजारपण, सुट्टी, रात्रीचा उशीर, कशासाठीही विद्यापीठ ज्याला फोन करील तो माणूस. तिथे तुझं नाव मी न विचारता लिहून टाकलं आहे. पेन्सिलीची फुली आहे तिथे सही कर आणि वीसच्या आत स्वतः नेऊन दे, पोस्टावर सोडू नकोस. नात्याच्या रकान्यात ‘काका’ लिहिलं आहे. फर्नांडिस आडनावाचा माणूस किशोरी सावंतचा काका कसा, असं कुणी विचारलंच तर हवं ते सांग.

ता. क. दोन : केकबद्दल लिहिलं ते वहिनींना वाचून दाखवू नकोस. केक चांगला होता.

ता. क. तीन : तिला दर रविवारी जेवायला बोलाव, बांगडा मिळेल तेव्हा बांगडा कर. तिने माझ्याबद्दल विचारलं तर दत्ताराम मजेत आहे, कपाटात दंग आहे, असं सांग. मजेत राहीन की नाही, मला माहीत नाही. या घरात मी एकटा कधी राहिलेलोच नाही, इनासा, आणि मला त्याची भीती वाटते. हे तिला कळलं तर ती जाणार नाही. तेव्हा एवढं तिला सांगू नकोस.