पँट सैल न केल्याबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप दादास,

गुडघे वाकत नसल्यामुळे उभ्यानेच केलेला हा नमस्कार गोड मानून घ्यावा. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी सोडून. तुझी खुशाली विचारणार होतो, पण टपालाने तुझी पँट आली आणि तिनेच सगळं सांगितलं. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस की धुऊन कापड आटलं, कमरेत दोन बोटं सैल कर. (आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, जाता जाता, की हल्ली सारखी तहान लागते आणि तळपायाला मुंग्या येतात, बहुधा चपला नवीन म्हणून.) दादा, मी सव्वीस वर्षं शिवणकाम करतोय. हे कापड आटणाऱ्यातलं नाही. पँट मी सैल केलेली नाही आणि करणारही नाही. डोक्यात राख घालून घेण्याआधी पुढचं वाच.

तुला माहीतच आहे, मला चार दुखणी आहेत. गुडघे मशीनच्या पायडलमुळे गेले, रक्तदाब गिऱ्हाइकांनी वाढवला, छातीतली जळजळ तुझ्या भावजयीच्या फोडणीमुळे आणि घोरणं बाबांकडून वारशाने आलं, अशी मी चोख वाटणी करून ठेवली होती. प्रत्येकाला वेगळी गोळी, वेगळी डबी आणि वेगळा सल्लागार. (जळजळीचे सल्लागार म्हणजे समोरचे केस कापणारे. त्यांना स्वतःलाही जळजळ आहे, म्हणजे अनुभवी माणूस.) दीड महिन्यापूर्वी ही म्हणाली, दवाखान्यात चला, माप द्यायचंय. मला वाटलं, डॉक्टरांना कोट शिवायचा असेल. मी टेप गळ्यात घालून, खडू खिशात टाकून रुबाबात निघालो. तिथे गेल्यावर कळलं की माप माझंच द्यायचंय.

डॉक्टरीणबाई वयाने आपल्या थोरलीएवढ्या. त्यांनी कमरेचं माप विचारलं, मी चौतीस सांगितलं. विचार कशाला करायचा, माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे. त्यांनी उठून बेंबीवरून टेप लावली आणि त्रेचाळीस म्हणाल्या. मी हसलो. धंद्यातला माणूस म्हणून त्यांना समजावून सांगितलं की तुमची टेप वापरून ताणली गेलीय. (ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.) मग मी माझी टेप काढली, पितळी टोकाची, आणि जगाला दाखवून द्यावं म्हणून स्वतःच्या हाताने लावली. साडेत्रेचाळीस भरलं. ही खिडकीबाहेर बघत होती, पण खांदे हलत होते.

आता चौतीसचं साडेत्रेचाळीस होईपर्यंत मला कळलं कसं नाही, असं तू विचारशील. त्यांनीही विचारलं. बाकीच्या माणसाला पँट घट्ट झाली की कळतं. माझ्या हाताला ती घट्ट व्हायच्या आधीच सैल करायची सवय. मागची शिवण उसवायची, माया सोडायची, इस्त्री फिरवायची, झालं. माया संपली की नवी पँट, आणि तिच्यात आधीपेक्षा जास्त माया. माया म्हणजे काय, हे डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड, पुढेमागे लागेल म्हणून, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग काका, तुमचे सगळे आजार त्या मायेतच दडून बसले होते."

नंतर त्यांनी माझी वाटणी पार मोडून टाकली. पोटावरची चरबी वाढली की इन्सुलिन नीट काम करत नाही आणि साखर चढते, रक्तदाब वाढतो, पोटावर दाब येऊन आम्ल वर येतं, गळ्याभोवतीच्या चरबीने झोपेत श्वास अडतो. (मी ज्याला घोरणं म्हणत होतो, त्यात मधेमधे श्वास चक्क थांबतो. हिला ते ठाऊक होतं. ती कधी बोलली नाही.) वजन एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा जवळजवळ चार किलो भार उतरतो, हा हिशेब मला फार आवडला. रक्त तपासल्यावर पाचवं दुखणं निघालं, साखर. मी डगमगलो नाही. रोज पाऊण तास चालतो, चहात साखर नाही, बिस्किटांचा डबा हिच्या ताब्यात. दीड महिन्यात चार किलो उतरवले. अजून दहा उतरवीन, लिहून ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा, वयाने तरी धाकटा

ता. क. चार किलो लिहिले, त्यात पहिल्या वेळचे बूट धरलेत. खरे अडीच.

ता. क. आणखी एक. दर वेळी तुझं माप घेताना मी मोठ्याने छत्तीस म्हणायचो आणि वहीत खरं लिहायचो. आकडा ऐकून तुझा चेहरा खुलायचा, तो उतरवणं जिवावर यायचं. दादा, वहीत तुझी कंबर चव्वेचाळीस आहे. चुकलं माझं.

ता. क. शेवटचं. तुझी चिठ्ठी मी डॉक्टरीणबाईंना दाखवली. मला वाटलं, चपलांचं वाचून हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हे लवकरात लवकर कधी येऊ शकतात?" मी सोमवार सांगून आलोय. सकाळी, काही न खाता ये. मला भीती वाटतेय.