कट्टा बंद, ग्रुप चालू

२ मार्च

हिचे गुडघे बरे आहेत. सुनेचा खोकला अजून हटत नाही. नातीचा ताप उतरला, म्हणजे घर पुन्हा डोक्यावर! भाच्याचं पोट बिघडलंय म्हणे — बिघडणारच, दुकानात उभ्या उभ्या गिळतो. माझा उजवा डोळा लाल. जन्मभर ठिणग्यांशी संसार केला, त्यांनी एवढं तरी द्यायचंच.

भाचा आला होता. आम्हा वेल्डिंगवाल्यांचा कट्टा, म्हणजे फोरम, त्यानेच सुरू केला. मला माउस धरायला शिकवलं तेही त्यानेच. एका प्रश्नाला एक पान, त्याखाली सगळ्यांची उत्तरं. कालचं उत्तर आजही जागेवर. आणि आता तोच म्हणतो, "मामा, कट्टा बंद करू. लोक ग्रुपवर असतात."

म्हटलं, अरे, विहीर बुजवून नळावर भरवसा ठेवायचा का?

"नळाला पाणी लगेच येतं मामा."

५ मार्च

थोरल्याच्या वर्कशॉपमध्ये सगळे जमलो. थोरला आणि धाकटा, दोघं भाऊ, ट्रकच्या टाक्या आणि पिंपं जोडतात; थोरला माझ्याच हाताखाली शिकलेला. थोरला म्हणजे सुतळी बॉम्ब. सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

"कट्ट्यावर विचारायचं आणि दोन दिवस वाट बघायची? तोवर गिऱ्हाईक लग्न करून मोकळं होतं!"

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

मी उठून बोललो. कट्ट्याचा एक नियम आहे — उत्तर देणाऱ्याने आधी प्रश्न पुन्हा लिहायचा, मग उत्तर. वेळ जातो, पण कुणाचं औषध कुणाच्या पोटात जात नाही. ग्रुपवर हे कोण पाळणार?

लेथवाला माझ्या बाजूने उभा राहिला. "काका खरं बोलतात. ग्रुप म्हणजे मासळीबाजार."

थोरल्याने त्याच्या कानाखाली काढली. सरळ! लेथवाल्याने पाना उचलला, थोरल्याच्या खांद्यावर हाणला. मग कोण कुणाला मारतंय तेच कळेना. धाकटा मध्ये पडला, त्याचा ओठ फुटला. तरी तो हसतच होता. "अहो, मोबाइलवरून भांडा ना, हातांना आराम!"

हात वर करून मतं घेतली. ग्रुप जिंकला. भाच्याने तिथेच कट्ट्याला कुलूप लावलं. जुनं वाचता येईल, नवीन लिहिता येणार नाही.

६ मार्च

ग्रुपवर मी. फोन तव्यावरच्या फुटाण्यांसारखा तडतडतोय. ही म्हणाली, एक तर तो बाहेर ठेवा नाहीतर तुम्ही बाहेर बसा.

११ मार्च

धाकटा गेला.

१२ मार्च

काल एवढंच लिहिलं. आज लिहितो.

पिंप थिनरचं होतं. रिकामं. रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा वाईट — आत वाफ असते, ठिणगी पडली की संपलं. पाण्याने भरून घ्यायचं, तोंड उघडं ठेवायचं, मग जोड. कट्ट्यावर हे सगळ्यात वरच टाचून ठेवलेलं होतं. आत शिरलं की डोळ्यांसमोर.

पिंपाचं झाकण छपराचा पत्रा फाडून बाहेर गेलं. धाकटा भिंतीपाशी. चेहरा नव्हता. थोरला त्याला मांडीवर घेऊन बसला होता आणि नुसता ओरडत होता, "पाणी आणा! पाणी आणा!" कुणासाठी पाणी?

मी ग्रुप वर वर सरकवत पाहिला. एकाने विचारलं होतं, पाण्याची टाकी वाळवलीय, जोड मारू का? त्याच क्षणी धाकट्याने विचारलं, रिकामं पिंप आहे, जोड मारू का? त्याखाली भाच्याचं उत्तर — "मार बिनधास्त."

ते टाकीवाल्याला होतं. धाकट्याला वाटलं, आपल्याला.

१३ मार्च

ग्रुपवर थोरला. एकामागोमाग एक. "हात तोडीन." "जाळीन." "त्याच्या डोळ्यात इलेक्ट्रोड घालीन." आणि खाली लोकांचे अंगठे! कुणी म्हणतो, आम्ही येतो. कुणी म्हणतो, भाच्याचं दुकान उघडं आहे आत्ता. मी लिहिलं, बाबांनो, थांबा. माझं वाक्य बघता बघता वर वाहून गेलं. दंगलीत म्हाताऱ्याची टोपी जावी तसं.

दुपारी दुकान फोडलं. काचा, गॅसच्या नळ्या, सगळं. भाच्याला काउंटरवरून ओढलं. उजव्या हातावर हातोडा. "याच हाताने लिहिलंस ना!"

तो कसा सुटला त्यालाही माहीत नाही. मागच्या दाराने आमच्याकडे आला. बोटं वांग्यासारखी काळीनिळी. हिने पाणी तापवलं, कंपाउंडरला बोलावून हात बांधून घेतला, आणि माळ्यावर गादी टाकली.

१४ मार्च

थोरला आला. हातात सळई.

"काका, तो इथे आहे."

"नाही."

"काका, तुमच्या पायाशी बसून मी धंदा शिकलो. खोटं बोलू नका."

"नाही म्हटलं ना."

सळई माझ्या कानाशेजारी दाराच्या चौकटीत बसली. लाकडाची ढलपी गालात घुसली. मागून नात रडायला लागली. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं आणि सळई तिथेच टाकून गेला. जाताना म्हणाला, "सापडला तर जिवंत ठेवणार नाही. तुमची शपथ."

माझी शपथ! आणि मला तेव्हा आठवत होतं, ग्रुपसाठी पहिला हात याचाच वर गेला होता. त्यालाही ते आठवत असणार. म्हणून तर एवढी आग. पण जखमेवर मीठ चोळून कुणाचं भलं झालंय?

१५ मार्च

भाच्याला म्हटलं, पोलिसांत जाऊ.

"नको मामा. उत्तर माझंच आहे. मी प्रश्न बघितलाच नाही, नुसता फोन बघितला."

जेवला नाही. मग मी ओरडलो — आधी कट्ट्याचं कुलूप काढ! अजून कितीजण पिंपं घेऊन बसले असतील! डाव्या हाताने काढलं त्याने. बराच वेळ लागला.

१७ मार्च

कट्ट्यावर नवं पान. थोरल्याचं! शिवी नाही, धमकी नाही. ग्रुपवर चार शब्दांत गुरगुरणारा माणूस इथे पानभर लिहितो. धाकट्याला अंधाराची भीती होती, लहानपणी हा त्याला हात धरून परसात न्यायचा, असलं काय काय. शेवटी एवढंच — "माझ्या भावाने काय विचारलं आणि त्याला काय सांगितलं? कुणीतरी नीट लिहा. मला समजून घ्यायचं आहे."

दिवसभर कुणी लिहिलं नाही. सगळे वाचून गेले. मीही.

१८ मार्च

सकाळी उत्तर आलंय. भाच्याचं. मला न विचारता. सगळं लिहिलंय — टाकी, पिंप, एका क्षणाची घाई. आणि खाली: "थोरल्या, मी पळालो नाही. मामांच्या माळ्यावर आहे. ये."

थोरल्याने ते वाचलंय. त्याच्या नावापुढे वाचल्याची खूण दिसतेय.

हिने दाराला कडी घातली. मी काढली. मग बसून त्याच पानाखाली लिहिलं — थोरल्या, ये, पण यायच्या आधी इथे दोन ओळी लिही. काय वाटेल ते लिही. मी स्क्रीनसमोरच बसलोय रे. लवकर लिही.